मेंदूच्या कर्करोगाच्या संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांची पूर्वतयारी

एमडी, डीएम किंवा एमसीएच या वैद्यकातील उच्च पदव्यांपैकी एक पूर्ण करून मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या कर्करोगावर संशोधन करू इच्छिणाऱ्या डॉक्टराने पहिली तजवीज वेळेची करावी. फेलोशिपचा अर्ज आणि प्रयोगशाळेतील जागा यांची जुळवाजुळव बहुतेक जण करतात. आठवड्यातले कोणते दिवस ओपीडी, वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटरपासून मोकळे राहतील, हे मात्र तोंडी आश्वासनावर राहते आणि ते दिवस हळूहळू रुग्णसेवेत जातात. म्हणून ते दिवस, आणि त्या दिवशी आपले रुग्ण पाहणाऱ्या सहकाऱ्याचे नाव, विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. मार्गदर्शक दोन असावेत, एक रुग्ण पाहणारा आणि एक प्रयोगशाळेतला, आणि त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे असावे.

प्रश्न शक्यतो ओपीडीतूनच उचलावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सौम्य किंवा कमी श्रेणीची मेंदूगाठ असलेल्या २०० मुलांना आणि तरुणांना २००१ ते २०१२ या काळात एका चाचणीत घेण्यात आले. नेहमीच्या रेडिएशनपेक्षा गाठीच्या आकाराबरहुकूम दिलेल्या रेडिएशनने बुद्धी आणि संप्रेरकांचे कार्य अधिक टिकते का, हा तिचा प्रश्न होता. म्हणजे ‘पोरगं पुढे शिकेल ना?’ असे जे आईवडील विचारतात, तेच. टिकते, हे उत्तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका साध्या प्रश्नाला किती वर्षे द्यावी लागतात, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

वाचनात ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीवरची, टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची २००५ ची चाचणी मुळातून वाचावी. ५७३ रुग्णांच्या त्या अभ्यासात रेडिएशनला या औषधाची जोड दिल्याने रुग्ण जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण जितका काळ जगतात तो) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. मात्र २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये आयडीएच जनुकात उत्परिवर्तन असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत, त्यामुळे विभागातील जुन्या नोंदी वापरण्यापूर्वी त्या गाठींचे निदान नव्याने तपासून घेणे भाग आहे.

सर्वांत जास्त लक्ष नमुन्याकडे द्यावे, कारण इथे झालेली चूक नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. गाठीचा तुकडा बाहेर आल्यावर तो कोण घेणार, किती वेळात घेणार, त्यातला कोणता भाग निदानासाठी पॅथॉलॉजीकडे जाणार आणि कोणता द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवणार, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरलेले असावे. निदानाचा वाटा नेहमी आधी. कॉटरीने (रक्तस्राव थांबवण्यासाठी ऊती जाळणाऱ्या उपकरणाने) करपलेला भाग संशोधनासाठी घेऊ नये, फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) तुकडा दिवसेंदिवस पडून राहू देऊ नये, आणि त्याच रुग्णाच्या रक्ताचा नमुनाही जोडीने ठेवावा, म्हणजे गाठीतला बदल जन्मजात आहे की नंतरचा, हे कळते. थिएटरमधल्या सिस्टर आणि टेक्निशियन यांना हे सगळे कशासाठी चालले आहे, ते बसून समजावून सांगावे. नमुने टिकतात ते त्यांच्यामुळे.

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या असतील तर त्यांची डीएनए ओळखचाचणी आणि मायकोप्लाझ्मा या पेशींना नकळत लागणाऱ्या जिवाणूची तपासणी आरंभीच करावी. जगभर वापरली जाणारी यू-८७ ही पेशीमालिका (एका गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) ज्या मूळ रुग्णाची मानली जात होती त्याची नाही, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. तोवर तिच्यावर असंख्य शोधनिबंध लिहून झाले होते.

एथिक्स कमिटीची मंजुरी, औषधचाचणी असल्यास नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे २०१९ चे नियम आणि पहिल्या रुग्णाच्या नावनोंदणीपूर्वी सीटीआरआय या देशातील क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंद, ही कामे ठरावीक आहेत. लवकर सुरू करावीत, इतकेच. संख्याशास्त्रज्ञाला आराखड्याच्या वेळीच भेटावे, आणि रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत एमआरआयवर दिसणारी वाढ खरी की आभासी (रेडिएशनच्या परिणामाने गाठ वाढल्यासारखी दिसणारी), हे कोणत्या निकषावर ठरवणार ते रेडिओलॉजिस्टबरोबर लिहून ठेवावे.

संमतिपत्राला मात्र घाई करू नये. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असली तर रुग्ण नीट बोलतो, मान डोलावतो, तरी समजलेले असतेच असे नाही. म्हणून संमतिपत्रात काय आहे ते त्याने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या भाषेत सांगावे आणि जवळचा नातेवाईक समोर असावा. त्याच वेळी दोन नातेवाइकांचे फोन नंबर आणि गावाकडच्या डॉक्टरांचे नाव लिहून घ्यावे, कारण शस्त्रक्रिया उरकून गडचिरोलीला किंवा बिहारला परतलेल्या रुग्णाची पाच वर्षांनी चौकशी करायची तर त्याचा स्वतःचा नंबर बहुधा बदललेला असतो.