फाइल बंद दिसली म्हणून ती बिघडली असं नाही

मेनफ्रेम ऑपरेशन्सच्या कामाला लागलो तेव्हा शिफ्टला आम्ही तिघं असायचो आणि तिघांच्याही हातात पूर्ण सीईएमटी होतं, म्हणजे सीआयसीएस या मेनफ्रेमवर ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ताबा देणारं ट्रान्झॅक्शन. टास्क (चालू असलेली कामं) बघा, फाइल उघडा-मिटा, प्रोग्रामची नवी प्रत उचला, अख्खं सीआयसीएस रिजन (म्हणजे चालू असलेलं एक सीआयसीएस) बंद करा, सगळं त्या एकाच ट्रान्झॅक्शनमधून. वर तिघांचा यूजर आयडीही एकच. आम्हाला ही सोय वाटायची.

एका रात्री बॅच (एकामागून एक आपोआप चालणारे जॉब) सुरू होण्याआधी मी एक व्हीसॅम फाइल (मेनफ्रेमवरच्या डेटा फाइलचा एक प्रकार) सीआयसीएसमधून क्लोज केली आणि दुसऱ्या कामाला लागलो. थोड्या वेळाने सहकाऱ्याला तीच फाइल 'क्लोज्ड, अनएनेबल्ड' दिसली. बिघाड समजून त्याने ती उघडली. मग बॅच जॉब आला, त्याला ती फाइल डिस्प ओल्डने, म्हणजे एकट्याला हवी होती. कन्सोलवर आयईएफ०९९आय: जॉब डेटासेटची वाट बघतोय. आम्ही आधी जेसीएल, म्हणजे जॉबच्या सूचना, तपासलं, मग शेड्यूलरला दोष दिला. शेवटी 'डी जीआरएस' ही कोणी काय धरून ठेवलंय ते दाखवणारी कमांड मारल्यावर कळलं की फाइल आमच्याच रिजनने धरून ठेवली आहे. कोणी उघडली? लॉगमध्ये तिघांचा आयडी एकच!

त्यानंतर कामं वाटायला बसलो. पहिला विचार अर्थातच 'फाइल तुझ्या, टास्क माझे' असा होता. तो टिकला नाही, कारण कोणी जेवायला गेलं की वाटणी मोडायची. टिकली ती वेगळीच विभागणी: बघणारा आणि बदलणारा. इन्क्वायर (नुसतं बघणं) सगळ्यांना, सेट (बदलणं) फक्त त्या वेळी ज्याच्याकडे रिजन सोपवलंय त्याला. आरएसीएफमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवर कोणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे सरळ बसतं. सीआयसीएसच्या कमांडसाठीच्या सीसीआयसीएससीएमडी क्लासमध्ये रीड असेल तर इन्क्वायर चालतं, सेटला अपडेट लागतं. मात्र रिजनच्या एसआयटीमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगच्या तक्त्यात) एक्ससीएमडी 'नो' असेल तर या अधिकारांच्या नोंदी (प्रोफाइल) कोणी विचारतच नाही. सीईएमटी चालवायची परवानगी मिळाली की सगळंच मोकळं. आमच्याकडे नेमकं तेच होतं. नवीन जागी रुजू झालात की हे आधी विचारा. रिजन बंद करण्याचा अधिकारही वेगळा ठेवता येतो, तो शिफ्ट लीडकडेच राहिला. वेगवेगळे आयडी मागून घेतले, हे सांगायला नकोच.

डेफिनिशनच्या, म्हणजे फाइल, प्रोग्राम वगैरेंच्या सीआयसीएसमधल्या नोंदींच्या, बाबतीत डोकं खाजवावं लागलं नाही, ती वाटणी तयारच मिळते: सीईडीसीने फक्त पाहता येतं, सीईडीबीने बदलता येतं पण इन्स्टॉल (चालू रिजनमध्ये लागू) करता येत नाही, सीईडीएने दोन्ही. (आयएमएस या मेनफ्रेमवरच्या दुसऱ्या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांकडे तर मास्टर टर्मिनल ऑपरेटर ही भूमिका नावानिशीच असते. त्यांचा मला थोडा हेवा वाटतो.)

खरी पंचाईत अडकलेल्या टास्कची. पर्ज (टास्क काढायची कमांड) केलं तर सीआयसीएस तो टास्क तेव्हाच काढतं, जेव्हा सिस्टीम आणि डेटा शाबूत राहण्याची खात्री असते. नाहीतर टास्क जागचा हलत नाही. फोर्सपर्ज टास्क जबरदस्तीने काढतं, ती खात्री देत नाही. पहाटे तीन वाजता, फोन खणखणत असताना, पर्जने काम झालं नाही की बोट आपोआप फोर्सपर्जकडे वळतं. आणि इथे आरएसीएफ मदतीला येत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे टास्कवरचा सेट, अधिकार तोच अपडेटचा. म्हणून ही रेघ आम्ही कागदावर ओढली. पर्ज ऑपरेटर करेल. फोर्सपर्जआधी ऑन-कॉल सिस्टम्स प्रोग्रामरला उठवायचं, टास्क नंबर आणि ट्रान्झॅक्शन आयडी सांगायचा, त्याचा होकार वेळेसकट लिहून ठेवायचा. पहिल्या काही वेळा शिव्या खाल्ल्या. त्या खाव्यात.

नव्या माणसाला आम्ही सुरुवातीचे दोन आठवडे नुसतं इन्क्वायर देतो. बरेच जण कंटाळतात, पण आपल्या रिजनमध्ये एरवी किती टास्क चालू असतात आणि कुठल्या फाइल कधी बंद असतात हे तेव्हाच डोळ्यांत बसतं. हँडओव्हरच्या वहीत आता एक जादा रकाना आहे: मुद्दाम बंद ठेवलेल्या फाइल, कोणत्या जॉबसाठी आणि कोण उघडणार. शिफ्ट घेताना मी आधी तो रकाना वाचतो, मग स्क्रीनकडे बघतो.