खिळ्याचा विद्युतचुंबक चालत नसेल तर आधी तारेची टोकं बघा

लोखंडी खिळा, त्यावर तांब्याची तार, शेजारी एक सेल. पुस्तकातलं विद्युतचुंबकाचं, म्हणजे प्रवाह असेतोवरच चुंबक होणाऱ्या लोखंडाचं, चित्र एवढंच असतं. घरी करायला बसलं की मात्र टाचणी जागची हलत नाही. मग आजूबाजूचे सल्ले सुरू होतात: सेल मोठा लाव, दोन सेल जोड, वेढे वाढव. ‘सरळ प्लगात लावून बघ’ असं मोठ्या माणसानं मुलाला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. या सल्ल्याचं काय होतं ते पुढे सांगतो. दोष बहुतेक वेळा सेलमध्ये नसतोच. तो तारेच्या दोन्ही टोकांच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये असतो.

सामान असं: ५ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी खिळा, ०.३ मिलिमीटर जाडीची चार मीटर वाइंडिंग वायर (मोटर भरायला वापरतात ती, इनॅमलचा म्हणजे वीज अडवणाऱ्या रोगणाचा थर असलेली), दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल, दीड व्होल्टचा टॉर्चचा बल्ब, बारीक काचकागद, चिकटपट्टी, कागदाची पट्टी, टाचण्या. खिळ्याला साधं चुंबक लावून बघा; चिकटत नसेल तर तो स्टेनलेस स्टीलचा असेल, दुसरा घ्या. मोबाइल, ड्रोन किंवा लॅपटॉपमधली लिथियमची बॅटरी या प्रयोगात आणूच नका. इतक्या कमी रोधाच्या तारेतून ती एकदम प्रचंड प्रवाह सोडते आणि पेट घेऊ शकते.

तार गुंडाळणं

खिळ्यावर कागदाचा एक वेढा घ्या, म्हणजे खिळ्याच्या खरबरीत कडांनी इनॅमल खरवडणार नाही. तारेचं वीतभर टोक मोकळं सोडा, चिकटपट्टीनं धरून ठेवा आणि वेढ्याला वेढा लागून शंभर वेढे घ्या. त्यावर चिकटपट्टी, मग दुसरा थर उलट्या दिशेनं सरकत, आणखी शंभर वेढे. शेवटी पुन्हा वीतभर टोक.

इथे एकच गोष्ट सांभाळा. दुसरा थर टोपीकडून टोकाकडे सरकतो की टोकाकडून टोपीकडे, यानं काही बिघडत नाही. हात खिळ्याभोवती कुठल्या बाजूनं फिरतो हे महत्त्वाचं. पहिल्या थरात तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर दुसऱ्यातही तसाच फिरला पाहिजे. मध्येच खिळा उलटा धरला किंवा हाताची दिशा बदलली, तर दुसऱ्या शंभर वेढ्यांचं चुंबकत्व पहिल्या शंभरांचं खोडून काढतं. तार तापते, सेल संपतो, टाचणी ढिम्म. खिळा एकाच हातात, एकाच बाजूला तोंड करून शेवटपर्यंत धरा.

टोकं सोलणं: इथे घाई नको

पहिल्यांदा विद्युतचुंबक केला तेव्हा याच पायरीवर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. टोकांवरून ब्लेड फिरवलं होतं, तांबं चमकताना दिसत होतं, तरी चुंबकत्वाचा मागमूस नाही. सेल बदलला, खिळा बदलला, सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळली. शेवटी टोक उजेडात धरून हळूहळू फिरवलं तेव्हा कळलं: ब्लेड एकाच बाजूनं फिरलं होतं. तार गोल असते. एका बाजूला तांबं उघडं झालं होतं, बाकी घेरावर इनॅमल तसंच होतं, आणि सेलला नेमकी इनॅमलची बाजू टेकत होती.

फसगत होते ती रंगामुळे. इनॅमलचा थर पारदर्शक आणि तांबूस असतो, त्यामुळे न सोललेली तारही उघड्या तांब्यासारखीच दिसते. नीट सोललेलं टोक शेजारच्या तारेपेक्षा फिकट, गुलाबीसर आणि लखलखीत दिसतं. दोन रंगांमधली सीमा स्पष्ट दिसली पाहिजे, आणि ती तारेच्या सगळ्या घेरावर दिसली पाहिजे.

पद्धत अशी. काचकागदाचा छोटा तुकडा दुमडा, खरखरीत बाजू आत. त्यात टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर चिमटीत धरा आणि तार बाहेर ओढा. तार थोडी फिरवा, पुन्हा ओढा. असं दहा-पंधरा वेळा, दर वेळी थोडं फिरवून. मागेपुढे घासू नका. बारीक तार लगेच वाकते आणि वाकली की तिथेच तुटते.

ब्लेडचा सल्ला मला अजिबात पटत नाही. ०.३ मिलिमीटरच्या तारेवर ब्लेडची बारीकशी खाच पडली तरी दोन-चार जोडण्यांत टोक गळून पडतं, शिवाय बोट कापतं ते वेगळं. काडी पेटवून इनॅमल जाळायचं हा सल्ला त्याहून वाईट. जळल्यावर तांब्यावर काळा ऑक्साइडचा थर बसतो, तोही प्रवाह अडवतो. म्हणजे काचकागद पुन्हा हातात घ्यावाच लागतो, आणि तोवर नाकात धूर गेलेला असतो.

आता तपासणी. ती टाळून पुढे जाऊ नका. सेल आणि बल्ब थेट जोडून उजेड किती पडतो ते बघा. मग त्याच मार्गात तुमची गुंडाळलेली तार घाला. बल्ब जवळजवळ तितकाच उजळ लागला तर टोकं ठीक आहेत. मंद लागला, लुकलुकला किंवा लागलाच नाही तर पुन्हा काचकागद. दुसरी तपासणी उलटी आहे: तारेचं एकच टोक परिपथात ठेवा आणि दुसऱ्या टोकाऐवजी खिळ्याचं उघडं टोक जोडा. आता बल्ब लागता कामा नये. लागला तर आत कुठेतरी इनॅमल खरवडलं गेलं आहे आणि तार खिळ्याला टेकते आहे.

हा थर किती मोलाचा आहे हे विद्युतचुंबकाच्या इतिहासातच दिसतं. विद्युतप्रवाहानं होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवलं. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जन यांनी घोड्याच्या नालासारख्या लोखंडावर उघडी तार गुंडाळून विद्युतचुंबक केला. आवरण त्यांनी लोखंडाला दिलं होतं, व्हार्निशचं. तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांना टेकून चालणार नव्हते, म्हणून त्यांना अंतर ठेवून मोजकेच वेढे घेता आले. जोसेफ हेन्री यांनी काही वर्षांनी तारेलाच रेशमाचं आवरण दिलं, थरावर थर चढवले आणि शेकडो किलो वजन उचललं. हेन्रींचं रेशीम म्हणजेच आपल्या तारेवरचं इनॅमल.

जोडणी

टोकं सेलच्या दोन अग्रांना लावा, टाचण्या उचला, पाच सेकंदांत टोक काढा. टोकं धरताना बोटं इनॅमल असलेल्या भागावर ठेवा. परिपथ तोडताना बारीक ठिणगी दिसते. वेढ्यांमध्ये साठलेली चुंबकीय ऊर्जा त्या क्षणी बाहेर पडते, आणि दोन्ही उघडी टोकं दोन हातांत असतील तर मुंगी चावल्यासारखं होऊ शकतं. टोक काढल्यावरही एक-दोन टाचण्या चिकटून राहिल्या तर खिळ्यात पोलादाचा गुण जास्त आहे, एवढंच.

‘वेढे दुप्पट, तर ताकद दुप्पट’ हे अर्धवट खरं आहे. ताकद ठरते वेढे गुणिले प्रवाह यावर. वेढे वाढले की तार लांबते, रोध वाढतो, प्रवाह घटतो. आपल्या खिळ्यावर शंभर वेढ्यांना प्रवाह साधारण २ अँपिअर असेल, दोनशेंना साधारण १.३. गुणाकार २०० वरून २६० वर जातो, ४०० वर नाही. तरी मी दोनशे वेढेच सांगतो, कारण तार कमी तापते आणि सेल जास्त टिकतो.

आता प्लगाबद्दल

या तारेचा रोध एक ओहमपेक्षाही कमी आहे. घरातली वीज २३० व्होल्ट असेल तर ओहमच्या नियमानं प्रवाह २३० अँपिअरच्या वर जाऊ पाहतो. तार स्फोटासारखी वितळते, डोळ्यांत तापलेलं तांबं उडू शकतं, आणि हातात उघडं टोक असेल तर जीव जातो. ११० व्होल्ट असले तरी निकाल वेगळा नाही. विद्युतचुंबकाचा प्रयोग फक्त सेलवर. यात तडजोड नाही.

‘एमसीबी आहे की, तो पडेल’ असं कोणी म्हणालं तर त्यांना एमसीबीच्या, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचच्या, आत काय असतं ते सांगा. दोन धातूंची एक पट्टी, जी जास्त प्रवाहानं तापून वाकते, आणि एक वेटोळं, म्हणजे तुमच्या खिळ्यासारखाच विद्युतचुंबक, जो शॉर्ट सर्किट झालं की क्षणात कळ सोडवतो. पण १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्प बसतो, आणि माणसाच्या हृदयाला अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही जीवघेणा ठरतो. एमसीबी भिंतीतल्या तारा वाचवतो, तुम्हाला नाही.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. तिच्यात फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी तार, एकाच कड्यातून जातात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा असला की दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं, अगदी उलटसुलट गुंडाळलेल्या खिळ्यासारखं. थोडा प्रवाह कोणाच्या अंगातून जमिनीत गेला की तोल बिघडतो, उरलेलं चुंबकत्व कळ सोडवतं आणि वीज तुटते. घरात साधारण ३० मिलिअँपिअरची बसवतात. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तिला तोल बिघडलेला कळत नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून इनॅमल तपासलंत त्याच नजरेनं घरातल्या वायरी बघा: इस्त्रीच्या वायरीचं आवरण मुळाशी फाटलंय का, प्लग वायरीला धरून ओढला जातो का, टेबलाच्या पायाखाली एक्स्टेंशनची वायर चेपली आहे का. फाटलेली वायर बदला, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका. कोणाला शॉक बसत असेल तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

आणि आरसीसीबीवर चाचणीचं छोटं बटण असतं. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन ते दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही, तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा.