ग्रिझलीची संख्या आणि माझी फसगत

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील ग्रिझली (तपकिरी) अस्वलांवर प्रबंध लिहिताना मी पहिल्याच प्रकरणात लिहिले होते की, २०२० साली सातशेच्या आसपास असलेली अस्वले वर्षभरात हजारावर गेली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एवढेच विचारले की, मादी साधारण तीन वर्षांतून एकदा विते आणि बहुधा दोनच पिल्ले देते, तर ही तीनशे अस्वले आली कुठून? मला उत्तर देता आले नाही आणि त्या दिवसाची लाज अजूनही गेलेली नाही.

तेथे अस्वल न् अस्वल कोणी मोजत नाही. त्या त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांसह दिसलेल्या माद्यांच्या नोंदींवरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. दोन नोंदींमधील अंतर ३० किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती मादी एकच मानावी असा जुना नियम होता. अस्वलांची वस्ती दाट होत गेली तशा या नियमामुळे वेगवेगळ्या माद्याही एकच ठरू लागल्या. पुढे ते अंतर १६ किलोमीटरवर आणले गेले, गणिती प्रतिमानही बदलले आणि आकडा एकदम वर गेला. अस्वले आधीपासूनच तेथे होती, वाढली ती मोजणीची नजर. म्हणून दोन वर्षांचे अंदाज शेजारी मांडण्यापूर्वी दोन्हींची पद्धत तपासा. ती वेगळी असेल तर नव्या पद्धतीने पुन्हा काढलेली जुन्या वर्षांची मालिकाच घ्या. कुणाचा तयार आलेख उचलणे हा माझ्या मते आळस नसून आत्मघात आहे.

यामुळे हबकून जाऊ नका, कारण अस्वले खरोखरच सावरली आहेत. १९७५ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा तेथे अंदाजे १३६ अस्वले होती. शिकार थांबली, अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आल्या आणि मुख्य म्हणजे प्रौढ माद्या जगू लागल्या.

विक्रमी देहांच्या मोहात मात्र पडू नका. अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या ७४७ क्रमांकाच्या नर अस्वलाचे वजन २०२० मध्ये सुमारे ६३५ किलो असल्याचा अंदाज होता, पण तो लेझरने मापे घेऊन काढलेला, तोही सॅमन माशांवर पोसलेल्या किनारी अस्वलाचा आणि हिवाळ्यापूर्वीच्या लठ्ठपणातला. वसंतात गुहेतून बाहेर पडलेल्या यलोस्टोनच्या नराशी त्याची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. शिकाऱ्यांच्या विक्रमनोंदींत तर वजन नसतेच, वाळवलेल्या कवटीची लांबी आणि रुंदी असते.

प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना नावाला भुलू नका. माझे मार्गदर्शक नामवंत होते, परंतु त्यांनी माझा आकड्यांचा तक्ता एकदाही उघडला नाही. १६ किलोमीटरची ती गोष्ट मला शेवटी एका कनिष्ठ सहकाऱ्याने चहा पिताना समजावली.