"मधली तीन वर्षं काय करत होतात?" या प्रश्नावर होणाऱ्या चुका टाळा

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे आणि एचआरने शनिवारी भरतीचा ड्राइव्ह ठेवला की पॅनेलवर बसायची पाळी हमखास माझ्यावर येते. दिवसाला आठ-दहा जण. टेक्निकलमध्ये उडणारे उडतात, त्याचं काही नाही, पण जीव तुटतो तो काम येत असलेल्या पोरांसाठी, जी एका साध्या प्रश्नाला घाबरून हातातली नोकरी घालवतात. आणि तो प्रश्न बहुतेक वेळा गॅपचा, म्हणजे शिक्षण किंवा नोकरीत मध्येच रिकाम्या दिसणाऱ्या वर्षांचा असतो.

आपल्याकडे गॅप म्हणजे एमपीएससी, दहातले सहा-सात तरी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, अभ्यासिका, मेस, पुन्हा अभ्यासिका. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे "अजून एक अटेम्प्ट" म्हणता म्हणता चार-पाच वर्षं कुठे जातात कळत नाही. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं गोळे काळे करायची तयारी केली त्यांना पेन धरून पहिल्यापासून सुरुवात. बरेच जण तिथेच थांबले आणि आता आमच्याकडे येतायत. यात लाजण्यासारखं काय आहे हे मला खरंच समजत नाही, पण लाजतात.

आणि लाजले की लपवतात, ही पहिली चूक. मागे एक मुलगा आला होता, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मस्त होतं त्याचं, जॉइन्सवर अडकवायचा प्रयत्न केला तर उलट त्यानेच आमच्या प्रश्नातली चूक काढली. मग गॅप विचारला तर म्हणाला, फ्रीलान्सिंग करत होतो. मी सहज विचारलं, शेवटचं काम कुणाचं केलंत, पैसे कसे घेतलेत? त्याने समोरचा ग्लास उचलून सगळं पाणी संपवलं, काहीतरी "ओळखीतलेच होते" असं बोलला, आणि मग तोच रिकामा ग्लास परत तोंडाला लावला. आम्ही तिघंही खाली कागदात बघायला लागलो. त्याला नाही घेतलं. गॅपमुळे नाही हो, क्लायंटचा डेटा ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस एवढ्याशा गोष्टीवर खोटं बोलला म्हणून.

त्याच दिवशी दुपारी लातूरकडची एक मुलगी आली. तोच प्रश्न. "चार वर्षं एमपीएससी केली सर. प्रीलिम दोनदा निघाली, मेन्स नाही निघाली. गेल्या जूनला थांबायचं ठरवलं, तेव्हापासून टेस्टिंग शिकतेय, सेलेनियमवर एक प्रोजेक्ट केलाय, दाखवू का?" वीस सेकंद. आणि गप्प बसली. पुढची पंधरा मिनिटं आम्ही प्रोजेक्टबद्दलच विचारत होतो, गॅप कुणाच्या लक्षातही राहिला नाही. उत्तर असं पाहिजे की त्यातून पुढचा प्रश्न आपल्याला हवा तिकडे वळेल.

याच्या उलटी चूक म्हणजे कहाणी. कोरोना, पेपरफुटी, कोर्टकेस, लांबलेला निकाल, घरची शेती, वडिलांचं आजारपण. सगळं खरं असतं, मला मान्य आहे, पण आठ मिनिटं ऐकल्यावर समोरच्याला फक्त एवढंच कळतं की हा माणूस अजून तिथेच अडकलाय. एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

आणि एक जोडप्रश्न येतोच: आता परत परीक्षा देणार का? याची तयारी कुणीच करून येत नाही. नसाल देणार तर सरळ "यंदा फॉर्म भरला नाही" म्हणा, "कधीच नाही" वगैरे शपथा घेऊ नका, त्याच खोट्या वाटतात. फॉर्म भरलेला असेल तर भरलाय म्हणा, परीक्षेच्या दिवसापुरती सुट्टी लागेल म्हणा. यावरून नोकरी हुकू शकते, गोड बोलून सांगत नाही, पण जॉइन होऊन तिसऱ्या महिन्यात मेन्ससाठी पळालात तर तुमच्या मागून येणाऱ्या चार एमपीएससीवाल्यांची वाट लागते.

गॅप भरायला पैसे देऊन एक्सपिरियन्स लेटर घेणारेही आहेत. अरे बाबांनो, पीएफ कापणाऱ्या कंपनीत नोकरी केली असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) पासबुकात कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पीएफ भरला ते दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पहिलं तेच मागतात. आणि हे चेकिंग बऱ्याचदा जॉइन झाल्यानंतर चालू असतं, मी एका पोराला दोन महिने काम केल्यावर लॅपटॉप जमा करून जाताना बघितलंय. घरी पेढे वाटून झाले होते.

आता पगार. "एक्स्पेक्टेशन काय?" म्हटलं की एकतर "तुम्ही द्याल ते" नाहीतर मित्राला मिळतो तो आकडा. गणित करून या. समजा ६ लाखांचं सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आहे, म्हणजे महिन्याला ५० हजार वाटतात, पण बेसिक २५ हजार धरलं आणि पूर्ण बेसिकवर पीएफ कापला तर कंपनीच्या वाट्याचे ३,००० त्यातच धरलेले, ग्रॅच्युइटीचे साधारण १,२०० त्यातच, मग तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की हातात येतात ४२,६०० च्या आसपास. त्यातही व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग असेल तर अजून कमी. म्हणून आकडा सांगताना सीटीसी म्हणताय की इनहँड हे बोला, नाहीतर ऑफर लेटर हातात आल्यावर भांडणं होतात. आणि जुना पगार वाढवून सांगू नका, सॅलरी स्लिप मागतात.

"आधीची नोकरी का सोडली?" यावर मी स्वतः माती खाल्लीय. जुन्या मॅनेजरबद्दल भरभरून बोललो, मोकळं वाटलं एकदम. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि ते तुमच्याबद्दल काय सांगतील?" मला एक वाक्य सुचलं नाही. कॉल परत आला नाही.

तुमचा वीकनेस काय, याला "मी परफेक्शनिस्ट आहे" सांगू नका, सकाळपासून पाचवा असतो तो. "इंग्लिश ईमेलला वेळ लागतो, म्हणून आधी मुद्दे लिहून काढतो" असलं साधं खरं सांगा. आणि ऑनलाइन इंटरव्ह्यूत दुसऱ्या स्क्रीनवर उत्तर शोधू नका, डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात आणि चष्मा असेल तर स्क्रीनही दिसते. "हे मी वापरलेलं नाही" एवढं म्हटलं तरी चालतं.

मुलींना अजूनही लग्नाचं विचारतात. विचारू नये, पण विचारतात. तिथे चिडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण घरची सगळी माहिती द्यायला बांधील नाही तुम्ही. आमच्याकडे एकीने "शिफ्ट किंवा दुसऱ्या शहरात जायचं आहे का या कामात? तसं असेल तर मला चालेल" एवढंच उत्तर दिलं आणि विचारणाराच ओशाळला. मला ते फार आवडलं.

आदल्या रात्री आरशासमोर प्रॅक्टिस करण्यापेक्षा रूम पार्टनरला गॅपचा प्रश्न विचारायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिल्या खेपेला अडीच-तीन मिनिटं बोलाल आणि त्यात "ॲक्च्युअली" दहा वेळा येईल. ऐका, कापा, परत बोला. अर्ध्या मिनिटात आलं की झोपा.