डॅशुंड कुत्र्याच्या पिल्लाचा रंग कसा ओळखावा

पिल्लू उजेडात धरा आणि आधी नाक बघा, अंग नंतर. नाक तपकिरी असेल तर पिल्लू चॉकलेटी. त्याचे डोळेही बहुधा मधासारखे होतात. पहिल्या महिन्यातल्या निळ्या डोळ्यांवर भाळू नका. आमच्या चिंगीचे तिसऱ्या महिन्यात तपकिरी झाले, तोवर मी उगाच मिरवत होते!

डॅपल, म्हणजे चट्टेपट्टेवाल्या पिल्लाचा एखादा डोळा निळाच राहू शकतो. पण क्रीम अंगावर हे चट्टे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून आईबाप बघा, शंका आली तर जनुक-चाचणी करून घ्या. दोन डॅपलची जोडी मात्र कधीच लावायची नाही: सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी डॅपल (आई आणि बाप दोघांकडून डॅपलचं जनुक आलेलं) निघतं, आणि ते बहिरं किंवा आंधळं असण्याचा धोका मोठा.