बोटीवरून परतल्यावर गाडी काढण्याआधी

शिडाच्या बोटीवर तीन-चार महिने काढून पुण्यात परतलो की आम्ही दोघं लगेच सातारा, कराड, कोल्हापूर अशी नातेवाइकांची फेरी काढतो. एकदा निघायच्या दिवशी पहाटे पाचला किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं ‘टक्’ केलं. बॅटरी झोपली होती. कोल्हापूरच्या मावशी जेवायला थांबलेल्या!

तेव्हापासून समुद्रावर जाताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतो. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. परतल्यावर निघायच्या दोन दिवस आधी गाडी तासभर पळवून आणायची, जागेवर सुरू ठेवून उपयोग होत नाही. हवा टायर थंड असतानाच तपासा, स्टेपनीचीसुद्धा. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा (आमच्याकडे घरटंच निघालं होतं). पीयूसी आणि फास्टॅगमधली शिल्लक आदल्या रात्री.

कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. खंबाटकी उजाडता उजाडता ओलांडला तर ट्रकांची रांग कमी लागते. आणि पुण्यातल्या कुणाकडे आधी जायचं असेल, तर दुपारी एक ते चार सोडून.