खुडूक बसणारी कोंबडी निवडताना या चुका टाळा

बेळगाव भागात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं पावसाळा सरला की एक तक्रार हमखास ऐकू येते: "गिरिराज आणली, अंडी झकास देते, पण अंड्यांवर बसायचं नावच काढत नाही." दोष कोंबडीचा नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज, मागून आलेली स्वर्णधारा, हैदराबादची वनराज नि ग्रामप्रिया या जाती वजनासाठी आणि अंड्यांसाठी निवडत आणलेल्या. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी अंडी द्यायची थांबते, त्यामुळं अशा निवडीत खुडूकपणाच मागं पडला. भरपूर अंडी आणि घरची पिल्लं एकाच कोंबडीकडून मागू नका.

पिल्लांसाठी गावठीच ठेवा. अंडी कमी देईल, पण बसेल आणि पिल्लं राखेल. असील ही झुंजीची जातही चिवटपणे बसते, मात्र अंगानं जड आणि भांडकुदळ. तिला वेगळी जागा लागते. कडकनाथच्या भरवशावर राहू नका, ती क्वचितच नीट बसते. तिची अंडी गावठीखाली ठेवतात.

बाजारात नुसता रंग बघून कोंबडी घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गिरिराजही रंगीत असते, त्यामुळं तांबडी-काळी दिसली म्हणजे गावठी असं होत नाही. ज्या घरात कोंबडी पिल्लं घेऊन फिरताना दिसते, तिथलीच तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, मागून घ्या. बसण्याचा गुण वंशातून उतरतो.

एक दिवस खुराड्यात रेंगाळली म्हणून लगेच अंडी ठेवू नका. पोटाखाली हात घालून बघा: खरी खुडूक पिसं फुलवते, घशातून खरखरते, टोचते, पण जागा सोडत नाही. छातीची पिसं विरळ आणि कातडी गरम लागते. खराब झालेली दोन अंडी खाली ठेवून दोन रात्री बघा, मगच अंधार पडल्यावर तिला उबवायच्या बुट्टीत (टोपलीत) हलवा. दिवसा हलवलं तर बहुतेकदा उठून जुन्या जागी जाते.

बुट्टीत तळाला राख नि कडुनिंबाचा पाला, वर भाताचं पिंजर. उवा झाल्या तर चांगली कोंबडीही अंडी सोडते. गावठीची 10-12 अंडी पुरेत. गिरिराजची मोठी असतील तर कमी. आठवड्यापेक्षा जुनी किंवा फ्रिजमधली नकोत, आणि कळपात कोंबडा हवाच. अंड्यांवर कोळशानं खूण करा, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्यात भर घालतात. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात लाल शिरा दिसल्या नाहीत, तर ते अंडं काढा. पिल्लं 21 व्या दिवशी निघतात. रोज 15-20 मिनिटं ती खाण्यापिण्यासाठी उठली तर घाबरून परत बसवू नका.

दिवाळी ते शिवरात्र हा काळ चांगला. अथणीकडं वैशाखात ऊन अंडी नासवतं, खानापुरात आषाढात ओल पिल्लं मारते. अशा वेळी खुडूक झालीच, तर पाण्यात बुडवणं, नाकात पीस ओवणं हे खुडूक मोडायचे जुने प्रकार अजिबात करू नका, त्यात तिचे हाल होतात. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा. पोटाखाली वारा लागला की खुडूक मोडते.